तेहतिसावी रात्र

तहज्जुदची, म्हणजे उत्तररात्रीची नमाज झोपून उठल्यावरच पढायची असते. न झोपता पढली तर पुण्य लागतं, पण ती तहज्जुद नव्हे. हे मस्तुरा-ओतिनने ओयनिसाला सुरुवातीलाच बजावलं होतं. ओतिन म्हणजे गावातल्या बायकांना कुराण शिकवणारी, मयताला दुआ म्हणणारी, आणि कुणाचं पुण्य कुठे कमी पडतंय हे तोंडावर सांगणारी बाई. ओयनिसाने भीत भीत विचारलं होतं, की झोपच लागली नाही तर? ओतिनने थोडा विचार करून सांगितलं, की पाठ टेक, डोळे मीट, जराशी तरी लागू दे. अल्ला नियत बघतो, पण नियम नियमाच्या जागी.

म्हणून रोज रात्री अकराच्या सुमाराला ओयनिसा अंगणातल्या लाकडी तख्तावर आडवी होई आणि नियमाप्रमाणे झोपायच्या मागे लागे. झोप ही मागे लागून करायची गोष्ट आहे, हे तिला वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच कळत होतं. इतकी वर्षं ती न बोलावता यायची आणि ओयनिसा तिला हाकलायची.

अंगणात झोपायचं कारण असं, की घर अळ्यांच्या ताब्यात होतं. मार्गिलानच्या आसपासच्या गावांत मे महिन्यात घरं अळ्यांच्याच ताब्यात असतात. सरकारी कार्यालयातून रेशमाच्या किड्यांच्या अंड्यांची पेटी येते. घेणार का, असं कुणी विचारत नाही. सही कुठे करायची तेवढं दाखवतात. मग शेगडीची उबदार खोली अळ्यांना, पाहुण्यांची खोली अळ्यांना, आणि माणसं बाहेर. अळीला आयुष्यात चार झोपा असतात. ती झोपली की तिला कुणी हात लावत नाही, दार आपटत नाही, अंगणातसुद्धा कांदा फोडणीला टाकत नाही. तिचा नवरा, तुर्गुनसारखा तुर्गुन, त्या दिवसांत खोकायला गल्लीत जाई. ओयनिसाच्या वाट्याला अशी झोप एकदाही आली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही.

आता चौथी झोप उरकून अळ्या शेवटच्या वयात आल्या होत्या. या वयात त्या फक्त खातात. रात्री बंद दारामागून असा आवाज येई, की जणू दोनशे माणसं एकदम वर्तमानपत्रं चुरगाळतायत. दर तीन तासांनी तुतीच्या ताज्या फांद्या घालाव्या लागत. रात्रीचं वाटप न्यायाने झालं होतं. दहाचा चारा ओयनिसाचा, एकचा ओयनिसाचा आणि पहाटे चारचा तुर्गुनचा. फक्त तुर्गुनला उठवायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात ओयनिसाचा तोही घालून होई.

तुर्गुन पूर्वी सामुदायिक शेतावर ट्रॅक्टर चालवायचा, आता दिवसभर कालव्याकाठच्या तुती तोडायचा. देवाधर्माला त्याची ना नव्हती. घरात एक माणूस नमाज पढतंय म्हणजे घराची झाली, असा त्याचा हिशेब. बायकोला तो "अब्रोर" म्हणून हाक मारी. यात विशेष काही नाही. त्या गावात कुठलाच नवरा बायकोचं नाव घेत नाही, थोरल्या पोराच्या नावाने हाकारतो. "अब्रोर, चहा टाक." "अब्रोर, माझी कुऱ्हाड कुठाय?" तीस वर्षांच्या संसारातली सव्वीस वर्षं ओयनिसा या नावाला ओ देत आली होती. पण फेब्रुवारीपासून ती हाक ऐकली की तिचे हात क्षणभर थांबत.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारपासून खऱ्या अब्रोरचा फोन आला नव्हता. तो रशियात त्युमेनला बांधकामावर होता आणि दर रविवारी न चुकता फोन करायचा. त्याच्याबरोबर गेलेल्या गावच्या पोरांनी सांगितलं, की तो एका टोळीबरोबर उत्तरेला लाकूडतोडीला गेला, तिकडे पैसे बरे मिळतात. त्यापुढे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुर्गुन म्हणाला, जंगलात फोन लागत नाही, झाडांना कशाला हवाय फोन. असं तो मार्चपर्यंत दर रविवारी म्हणायचा. एप्रिलपासून त्याने म्हणायचं सोडलं आणि रविवारचं तुती तोडायला लांब जायला लागला.

ओयनिसा ओतिनकडे गेली. ओतिनने चाळीस रात्रींची मन्नत सांगितली. चाळीस रात्री सलग तहज्जुद, दर रात्री आठ रकाती, म्हणजे उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचे आठ फेरे, शेवटी पोरासाठी दुआ. एक रात्र चुकली, की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या खेपेला ओयनिसा बाराव्या रात्री चुकली. पाठ टेकली ती टेकलीच. डोळे उघडले तेव्हा कोंबड्या अंगणात फिरत होत्या आणि तुर्गुन उपाशी बसून तिच्याकडे बघत होता. "म्हटलं झोपलीयस तर झोपू द्यावं," तो म्हणाला. उभ्या संसारात त्याने दाखवलेली ही एवढी एकच माया, आणि तिने नेमका घात केला. ओयनिसा त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. ओतिन म्हणाली, मोडलं ते मोडलं, एकपासून धर.

दुसऱ्या खेपेला तिने झोपेला दयामाया दाखवली नाही. अडचण अशी होती, की झोपही आता हट्टाला पेटली होती. तख्तावर बोलावलं की यायची नाही आणि नमाजेत न बोलावता यायची. विशेषतः सजद्यात. कपाळ जमिनीला टेकलं, की दिवसभराच्या चुली, फांद्या, बादल्या मागून येऊन पाठीवर बसत. सजद्यात डुलकी लागली तर वजू, म्हणजे हातपाय धुऊन आलेली शुद्धता, राहतो की जातो, हा प्रश्न तिने ओतिनच्या पुढ्यात ठेवला. ओतिनने पुस्तक काढून निकाल दिला. पुरुष सजद्यात डुलकला तर त्याचा वजू राहतो, कारण तो कोपरं वर धरतो, तोल जाईल म्हणून सावध असतो. बाई सजद्यात अंग चोरून जमिनीला चिकटते. तिचा भरवसा नाही. बाईने उठावं, पुन्हा हातपाय धुवावे आणि पुन्हा पढावं.

काही रात्री ओयनिसाने तीन तीन वेळा हातपाय धुतले. मग तिने तोड काढली. जानमाजच्या, म्हणजे नमाजेच्या सतरंजीच्या खाली, बरोबर कपाळ टेकतं तिथे, जर्दाळूची कोय ठेवली. टोचली की माणूस जागं राहतं. दहा दिवसांत तिच्या कपाळावर एक काळानिळा वण उठला आणि गावात तिची पत वाढली. विहिरीवर बायका तिला आधी पाणी भरू द्यायला लागल्या. वर्षानुवर्षं नमाज पढणाऱ्या इमामाच्या कपाळावर असा वण नव्हता. ओयनिसाने कोयीचं कुणाला सांगितलं नाही. विचारलं कुणी नाही, आणि न विचारता सांगण्याइतकी झोप तिची झालेली नसे.

नमाजेची वेळ तिने अशी बसवली होती: एकचा चारा घालून पाऊण तास पाठ टेकायची, अडीचला उठायचं, उजाडायच्या खुणा दिसायच्या आत आठ रकाती पुऱ्या करायच्या. फोन उशीखाली. साधा बटणांचा फोन, अब्रोरनेच जाताना घेऊन दिलेला. झोपेत मात्र ती त्या फोनला कधी चुकली नव्हती. हिवाळ्यात एकदा धाकट्या मुलीच्या बाळंतपणाचा निरोप पहाटे आला, तेव्हा पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तिने फोन कानाला लावला होता आणि मग कुठे जागी झाली होती.

तेहतिसाव्या रात्री ती शेवटच्या दोन रकातींत होती. सजद्यात होती. उशी चार हातांवर, तख्तावर, आणि उशीखाली फोन वाजला.

आधी तिला वाटलं, झोप लागली. मग कपाळाला कोय टोचत होती हे ध्यानात आलं, म्हणजे आपण जागे आहोत. फोन वाजतच होता. त्या वेळेला कोण फोन करतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. उशीच्या कडेतून निळसर उजेड रजईवर पडला होता. उठून चार पावलं टाकायची. पण नमाज मोडली की रात्र मोडली, रात्र मोडली की तेहतीस रात्री मोडल्या. आणि ज्या दोरीला धरून पोरगं वर येतंय, तीच आपल्या हाताने कापायची. हा विचार तिने केला असं म्हणणं बरोबर नाही. तो तेहतीस रात्रींपासून तयारच होता.

ती सजद्यातून उठली, दुसरा सजदा केला, उभी राहिली. फोन थांबला. तिने सुरा म्हटली, एकही शब्द गाळला नाही, घाईसुद्धा केली नाही. घाईची नमाज तोंडावर फेकून मारतात असं ओतिन सांगायची. फोन पुन्हा वाजायला लागला. ती वाकली, सजदा केला, बसली, शेवटचं म्हटलं. उजव्या खांद्याकडे सलाम फिरवला तेव्हा तो वाजत होता. डाव्या खांद्याकडे फिरवला तेव्हा गप्प झाला.

नंबर रशियाचा होता, अनोळखी. तिच्या फोनमध्ये परदेशात लावण्याएवढे पैसे नव्हते. तिने तुर्गुनला उठवलं, आणि त्या रात्री तो पहिल्या हाकेत उठला.

"अब्रोरचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"उचलला नाही."

"का?"

"नमाजेत होते."

तुर्गुनने रजई बाजूला सारली. मग म्हणाला, "बरं झालं. परत करेल तो. तूही तेव्हा बरोब्बर नमाजेतच असशील." आणि बाहेर जाऊन चारचा चारा त्याने स्वतः घातला.

पण ओयनिसाला त्याचं बोलणं लागलं नाही. पोरगं जिवंत होतं. चाळीस मागितल्या होत्या आणि वरच्याने तेहतिसातच ऐकलं होतं. तिने शुक्राच्या, आभाराच्या दोन रकाती पढल्या आणि त्यांत कोयीची गरज पडली नाही.

सकाळी आठला दुकान उघडलं तेव्हा ती दारात उभी होती. फोनमध्ये पैसे घातले आणि तिथेच ओट्यावर बसून नंबर लावला. एक बाई रशियनमध्ये काहीतरी गोड आवाजात म्हणाली. दुकानदाराने सांगितलं, फोन बंद आहे म्हणते. दहाला बंद, साडेअकराला बंद. दुपारी एकच्या चाऱ्यानंतर बंद. तुर्गुन म्हणाला, कुणातरी माणसाचा असेल, रात्री पोराने मागून घेतला असेल. तो माणूस झोपला असेल नाहीतर कामावर असेल. यात त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं.

गुरुवार होता. दर गुरुवारी दुपारी ओतिनकडे बायका जमत. ओयनिसा जाणार नव्हती, पण बातमी तिच्याआधी पोहोचली होती आणि ओतिनने माणूस पाठवून बोलावून घेतलं. चहा, नान, किसमिस मांडून बायका भिंतीकडेने बसल्या होत्या. ओतिनने ओयनिसाला आपल्या शेजारी, दारापासून सर्वांत लांबच्या मानाच्या जागी बसवलं आणि झाली हकिगत बायकांना सांगितली. ती सांगताना फोन दोनदाचा सातदा झाला आणि ओयनिसाच्या डोळ्यांतून जानमाजवर धारा लागल्या. ओतिन म्हणाली, बघा, आईचं काळीज तिकडे ओढतंय आणि बाई हलली नाही. आमची नमाज कशी, तर दूध उतू गेलं की मोडली. बायकांनी माना हलवल्या. दोघीतिघी रडल्या. एकीने ओयनिसाचा हात घेऊन आपल्या डोळ्यांना लावला. तेहतीस रात्री पुरती झोप न झालेल्या माणसाला मान फार लवकर चढतो. ओयनिसाच्या मनात आलं, खरंच, आपण काहीतरी केलं.

हाल्चा-खोला, म्हणजे हाल्चा मावशी, अशी एक ऐंशीची म्हातारी कोपऱ्यात नान चहात बुडवून खात होती. तिला कमी ऐकू येई, म्हणून ती मोठ्याने बोले.

"पण फर्जाची, सक्तीची नव्हती ना नमाज?" तिने विचारलं. "नफलच होती ना, आपल्या खुशीची?"

ओतिन म्हणाली, की होय.

"मग मोडायची की. नफल मोडता येते, नंतर भरून काढायची. माझ्या बापाने मोडली होती, गाय लसूणघासात शिरली तेव्हा. इमाम त्याच्या शेजारीच उभा होता, काही नाही बोलला."

ओतिनने म्हातारीच्या पेल्यात चहा ओतला आणि म्हणाली, की खोला, येते मोडता, पण इथे गोष्ट सबुरीची चाललीय, गाईची नाही.

"ते खरं," म्हातारी म्हणाली. मग ओयनिसाकडे नीट बघून, जणू तिची समजूत घालतेय अशा सुरात म्हणाली, "झोपली असतीस तर उचलला असतास गं तू."

कुणीतरी किसमिसची बशी पुढे सरकवली. ओतिनने दुआसाठी हात उचलले, सगळ्यांनी उचलले. ओयनिसानेही उचलले, पण दुआ काय चालली आहे ते तिला कळलं नाही. मघाचा मान उतरला होता आणि त्याच्या जागी दुसरं काही अजून आलं नव्हतं. ती चाऱ्याची वेळ झाली म्हणून उठली. तसा चाऱ्याला अजून तास होता.

संध्याकाळी सहाला तिने तख्तावर बसून पुन्हा नंबर लावला. शेजारी तुर्गुन कालव्यावरून आणलेल्या फांद्या चाकूने साफ करत बसला होता. या वेळी घंटी गेली. बाईने उचलला. जाड, नुकत्याच उठलेल्या माणसाचा आवाज. रशियनमध्ये काही बोलली. ओयनिसाने आपल्या भाषेत अब्रोरचं नाव घेतलं, तशी ती बाई थांबली आणि तातार भाषेत बोलू लागली. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत होतं. तेवढं पुरलं.

तिचं नाव गुल्फिया. त्युमेनच्या एका इस्पितळात ती रात्रपाळीला रुग्णांची उठबस करायची. पोराला तीन आठवड्यांपूर्वी लाकडाच्या तळावरून आणलं होतं. रचलेले ओंडके घसरून अंगावर आले होते. जवळ कागद नव्हता, फोन नव्हता. बरोबरचे सोडून गेले ते फिरकले नाहीत. नाव काय, गाव कुठलं, कुणाला माहीत नव्हतं. बहुतेक वेळ तो शुद्धीवर नसायचाच. काल रात्री एकदम लख्ख जागा झाला. पाणी मागितलं, मग फोन मागितला. एकच नंबर तोंडपाठ होता.

"दोनदा लावला मी," गुल्फिया म्हणाली. "तिसऱ्यांदाही लावत होते. तोच नको म्हणाला. म्हणाला, आई दिवसभर राबते, झोपली असेल. झोपू दे. सकाळी करू."

ओयनिसाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सकाळी माझी पाळी संपली. त्याचा डोळा लागला होता, म्हणून मी उठवलं नाही. घरी येऊन फोन बंद करून झोपले. आत्ता उठले, तर बरोबरीच्या बाईचा निरोप." तिने मध्येच श्वास घेतला. "अकराला गेला तो, ताई. झोपेतच गेला म्हणे."

तुर्गुनचा चाकू थांबला होता. फोनमधलं त्याला ऐकू येत होतं. त्या फोनचा आवाज नेहमीच चार माणसांना पुरेल एवढा असे. घरात अळ्या खात होत्या.

पलीकडे गुल्फिया रडत होती की नाक ओढत होती, कळत नव्हतं. मग तिने विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज असा झाला, जसा मास्तरांपुढे उभ्या राहिलेल्या मुलीचा होतो.

"झोपलाच होतात ना तुम्ही?"

ओयनिसाने तुर्गुनकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

"हो," ती म्हणाली. "झोपले होते."

"मग त्याचं बरोबर होतं," गुल्फिया म्हणाली, आणि जरा सावरली. मग ती कामाचं बोलू लागली. ताबा कुठून घ्यायचा, कुठले कागद लागतील, शवागाराचा नंबर काय, कुणाला भेटायचं. लिहून घ्या म्हणाली, नंबर लांब आहे.

अंगणात कागद नव्हता. पेन आत कपाटात होतं आणि कपाटापुढे अळ्यांचे मांडव होते. ओयनिसा एकेक आकडा मोठ्याने म्हणत गेली, आणि तुर्गुनने हातातल्या तुतीच्या फांदीवर चाकूने तो कोरून घेतला. अकरा आकडे, मग एक नाव, मग खोलीचा नंबर. साल ओली होती, अक्षरं पांढरी उमटली.

दहाला चारा घालायची वेळ झाली तेव्हा ती फांदी त्याने बाजूला काढून ठेवली. बाकीच्या फांद्या अळ्यांना घातल्या.